एकाच देशाचा गिनी २५.५ पण आणि ६२ पण, मग खरा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा होता: जुलै २०२५ मध्ये बातमी आली की भारत हा जगातला चौथा सर्वात समान देश आहे, गिनी २५.५, आणि त्याच्या वर्षभर आधी मार्च २०२४ मध्ये एक संशोधन-पेपर सांगत होता की वरच्या १ टक्के लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा जातो, म्हणजे इंग्रजांच्या काळापेक्षाही जास्त. दोन्ही आकडेवारीच, दोन्हीकडे डॉक्टरेटवाले, मग खोटं कोण बोलतंय?

खोटं कुणीच बोलत नाहीये. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत आणि बातमीत दोन्हीला "विषमता" असा एकच शब्द लागलाय. मी जवळपास वीस वर्षं या आकड्यांच्या मागे आहे, आधी घरोघरी जाऊन सर्व्हे भरायचे आणि आता ऑफिसात बसून तोच डेटा चाळते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी गिनीचं भूत उतरवू. गिनी म्हणजे ० ते १ मधला एक आकडा, बरेच जण १०० ने गुणून सांगतात. सगळ्यांना सारखं मिळालं तर ०, एकालाच सगळं मिळालं तर १ च्या जवळ. कोराडो गिनी नावाच्या इटालियन माणसाने १९१२ मध्ये काढलेलं हे माप आहे, पण ते *कशाचं* काढायचं हे त्याने सांगितलेलं नाही. उत्पन्नाचं काढा, खर्चाचं काढा, जमिनीचं काढा, गावातल्या कोंबड्यांचं काढा, फॉर्म्युला मुकाट्याने आकडा देतो.

एक गल्ली घ्या, पाच घरं. महिन्याचं उत्पन्न १२ हजार, १८ हजार, २५ हजार, ४५ हजार आणि २ लाख. याचा गिनी येतो ०.५४. आता याच पाच घरांचा खर्च बघू. पहिल्या घरात जेवढं येतं तेवढं जातं, १२ हजार. पुढे १६, २० आणि ३० हजार, आणि दोन लाखवाल्याचा खर्च ६२ हजार, बाकीचं एसआयपी, सोनं आणि दुसऱ्या फ्लॅटमध्ये. खर्चाचा गिनी येतो ०.३३. गल्ली तीच, माणसं तीच, महिना तोच. आता समजा सर्व्हेवाली ताई आली आणि दोन लाखवाल्याने दार उघडलंच नाही, मग नियमाप्रमाणे बदली घर घेतलं, त्याचा खर्च ३२ हजार. आता गिनी ०.२०. तुम्ही स्वतः एक्सेलमध्ये करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ०.५४ चा ०.२० झाला आणि मधल्या काळात कुणी गरीब वर आला नाही की श्रीमंत खाली.

बातमीतला २५.५ हा दुसऱ्या जातीचा आकडा आहे, म्हणजे खर्चाचा, आणि त्यात तिसऱ्याची भेसळ किती हे कुणालाच नेमकं माहीत नाही. तो येतो २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्व्हेतून, ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३, २ लाख ६१ हजार ७४६ घरं. जागतिक बँकेने त्यावरून २५.५ काढला, २०११-१२ चा २८.८ होता. आणि गंमत म्हणजे बँकेच्या त्याच छोट्या रिपोर्टमध्ये पुढे लिहिलंय की वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसप्रमाणे उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेलाय. दोन्ही आकडे एकाच कागदावर! हेडलाइन करणाऱ्याने पहिला उचलला, दुसरा तिथेच ठेवला.

"चौथा" हा नंबर तर सोडूनच द्या. त्या यादीत युरोपातले बहुतेक देश उत्पन्नाच्या गिनीने बसलेत आणि आपण खर्चाच्या गिनीने. म्हणजे एकाची उंची टाचेच्या बुटांसकट मोजायची, दुसऱ्याची अनवाणी, आणि मग कोण उंच ते ठरवायचं. खर्चाची विषमता उत्पन्नापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी दिसते, कारण गरीब माणूस कर्ज काढून खातो आणि श्रीमंत माणूस कितीही खाल्लं तरी पगार संपवू शकत नाही.

मग आपण उत्पन्न का विचारत नाही? विचारून झालंय. नॅशनल सॅम्पल सर्व्हे १९५० मध्ये सुरू झाला, आणि साठच्या दशकात १९ व्या आणि २४ व्या फेरीत उत्पन्न विचारून पाहिलं होतं, तर लोकांनी सांगितलेलं उत्पन्न हे त्यांनीच सांगितलेल्या खर्च अधिक बचतीपेक्षा कमी भरलं. मग तो नाद सोडला आणि खर्चावर आलो. ते चुकीचं नव्हतं असं मला वाटतं, कारण शेतकऱ्याला "तुमचं महिन्याचं उत्पन्न किती" हा प्रश्नच लागू होत नाही, कांद्याचा पैसा कधी येतो आणि किती येतो हे त्याच्या हातात नसतं, खत-बियाणं वजा करून सांगायचं तर आणखी घोळ. पण "मागच्या सात दिवसांत तेल किती लागलं" हे घरातली बाई चटकन सांगते. २०२६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर परत उत्पन्नाचा सर्व्हे घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी टाकले होते ते यामुळेच.

आता दार उघडत नाही त्याबद्दल, कारण सगळ्याची गोम इथे आहे. गावात सर्व्हेला गेलं की लोक खुर्ची देतात, चहा देतात, वर विचारतात की यातून घरकुल मिळेल का. मिळत नाही असं सांगितलं की चेहरा पडतो, पण माहिती देतात. मुंबईत एका मोठ्या टॉवरमध्ये माझं सॅम्पल आलं होतं, तिथे वॉचमनने इंटरकॉम लावला, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत", दुसऱ्या दिवशी "साहेब बाहेरगावी", तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने ओळखपत्राचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले कमिटीत विषय ठेवतो. कमिटी महिन्याने, माझी मुदत शुक्रवारी. फॉर्मवर याला कोड असतात: मूळ घराचा सर्व्हे झाला तर १, बदली घराचा झाला तर २, दोन्ही नाही तर ३, त्याला कॅज्युअल्टी म्हणतात. मी २ टाकला. बदली घर त्याच गटातलं असावं लागतं आणि ते होतंही, पण ज्या घरात दुपारी अडीच वाजता दार उघडून दोन तास बसायला कुणी आहे ते घर आणि ज्या घरात इंटरकॉमवरूनच "नॉट अॅट होम" येतं ते घर, ही सारखी घरं नाहीत हो. आणि हे एकट्या माझं नाही, फील्डवर ज्याने काम केलंय त्या प्रत्येकाकडे असा एक टॉवर आहे.

सर्व्हे करणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. म्हणूनच २०२२-२३ मध्ये शहरातली घरं निवडताना आधी तीन गट केले, दहा लाखांच्या वरची चारचाकी असलेली घरं, त्याखालची चारचाकी असलेली, आणि बाकीची, म्हणजे श्रीमंत घरं नशिबावर न सोडता मुद्दाम घ्यायची. चांगली युक्ती आहे. पण फॉर्च्युनरवाला सापडला म्हणजे अंबानी सापडला असं होत नाही. अडीच लाख घरांच्या सॅम्पलमध्ये देशातली वरची काही हजार कुटुंबं येण्याची शक्यता शून्यासारखीच, आणि आली तरी दार उघडणार नाहीत.

परिणाम किती होतो ते बघा. त्या सर्व्हेत शहरी भागातल्या वरच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा सरासरी खर्च २०,८२४ रुपये आला आणि खालच्या ५ टक्क्यांचा २,००१. दहापट. ग्रामीणमध्ये १०,५०१ विरुद्ध १,३७३. आता २०,८२४ गुणिले चार माणसं म्हणजे महिन्याला ८३ हजार. पुण्यात बाणेर-वाकडला ज्यांची दोन मुलं आयसीएसई शाळेत आहेत त्यांना विचारा हा आकडा, ते म्हणतील अहो हे तर आमचं आहे. म्हणजे शहरी भारतातल्या सर्वात वरच्या ५ टक्क्यांची *सरासरी* ही आयटीतल्या एका जोडप्यावर येऊन थांबते. यातला काही भाग खरा आहे, तुम्ही स्वतःला मिडल क्लास समजता पण देशात तुम्ही कुठल्या कुठे वर आहात (२०१९-२० च्या पीएलएफएस, म्हणजे रोजगार आणि मजुरीच्या सरकारी सर्व्हेवरून २०२२ मध्ये निघालेल्या रिपोर्टमध्ये तर महिना २५ हजार पगार असला तरी पगारदारांतल्या वरच्या १० टक्क्यांत नंबर लागत होता, त्यावर तेव्हा बरेच मीम झाले). पण काही भाग हा न उघडलेल्या दारांचा आहे.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. या सर्व्हेत घराचा ईएमआय खर्चात धरत नाहीत, फ्लॅट घेतला तरी तो खर्च नाही, ती मालमत्ता. भाडं दिलं तर ते खर्च. आणि स्वतःच्या घरात राहता त्याचं जे भाडं वाचतं तेही माणशी खर्चाच्या आकड्यात धरत नाहीत. म्हणजे मलबार हिलवर आजोबांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा राहण्यावरचा खर्च शून्य आणि नालासोपाऱ्यात वन रूम किचनचे नऊ हजार देणाऱ्याचा नऊ हजार. हे नियमाने बरोबर आहे, त्यामागे कारणं आहेत, पण महाराष्ट्रासारख्या राज्यात त्याचा अर्थ काय होतो बघा, मुंबई ज्या राज्यात आहे त्याचा शहरी सरासरी खर्च ६,६५७ आणि देशाचा ६,४५९, फक्त दोनशे रुपयांचा फरक. मला हा आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कॉलम चुकला समजून परत उघडून पाहिला होता.

२८.८ वरून २५.५ ही घट खरी का, असंही विचारलंय. थोडी खरी असेल. रेशनचं फुकट धान्य, ग्रामीण मजुरी, मोबाइल सगळ्यांकडे, यामुळे खालचा खर्च वर सरकला हे मी स्वतः घरात बसून पाहिलंय, पूर्वी अंडं विचारलं की हसायचे, आता आठवड्याचा ट्रे असतो. पण पद्धतही बदलली. आधी एकाच बैठकीत सगळं विचारायचो, शेवटी शेवटी माणूस कंटाळून "लिहा काहीतरी" म्हणायचा. आता महिनाभर अंतराने तीन भेटी, खाण्याचं वेगळं, रोजच्या वस्तू आणि सेवांचं वेगळं, टिकाऊ वस्तूंचं वेगळं, आणि कागदाऐवजी टॅब. शिवाय कुठल्या वस्तूसाठी किती दिवस मागचं विचारायचं यावर सगळं फिरतं. फ्रिज जर "मागच्या ३० दिवसांत" विचारला तर ज्याने याच महिन्यात घेतला तो घरमालक एकदम शेठ दिसतो आणि गेल्या महिन्यात घेतलेला फाटका. ३६५ दिवसांवर विचारलं की हे उंचवटे सपाट होतात आणि गिनी आपोआप खाली येतो, गरिबाच्या ताटात काही न पडता. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना आधी प्रश्नावली ताडून बघायची, मग आकडे. आणि मधलं २०१७-१८ चं जे सर्व्हेचं वर्ष होतं तो रिपोर्ट नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने डेटाच्या दर्जाचं कारण देऊन जाहीरच केला नाही, त्यामुळे अकरा वर्षं आपण डोळे बांधून चाललो.

आता दुसरी बाजू, कारण २२.६ टक्केवाल्यांनाही डोक्यावर घेऊ नका. तो पेपर नितीन भारती, ल्युकास शॉन्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांचा. त्यांनी केलं काय, तर खालच्या बहुसंख्य लोकांसाठी सर्व्हे घेतले, वरच्यांसाठी इन्कम टॅक्सचे आकडे घेतले, आणि दोन्ही जोडून देशाच्या एकूण उत्पन्नाशी जुळवलं. २०२२-२३ साठी वरचे १ टक्का म्हणजे साधारण ९२ लाख प्रौढ, त्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न ५३ लाखांच्या आसपास, आणि खालच्या निम्म्या देशाचं सरासरी ७१ हजार. वर्षाचं, महिन्याचं नाही. संपत्तीत तर वरच्या १ टक्क्याकडे ४०.१ टक्के.

ही कल्पना मला पटते, कारण श्रीमंत माणूस सर्व्हेवालीला दार उघडत नाही पण रिटर्न भरतो. पण रिटर्नमध्येही भोकं आहेतच. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कुठला द्राक्ष बागायतदार आणि कुठला "शेतकरी" बिल्डर हे तिथे नीट दिसत नाही. शेअरचा भाव वाढला पण विकला नाही तर ते उत्पन्नच नाही. टॅक्स खात्याने १९२२ पासूनच्या सोयीच्या तक्त्यांची परंपरा २००० च्या आसपास बंदच केली होती आणि २०११-१२ पासूनचे आकडे परत द्यायला लागले, म्हणजे ज्या दशकात शेअर बाजार आणि जमिनीचे भाव सुसाट सुटले तेच दशक अंधारात. तिथे त्यांनी अंदाजाने रेघ जोडलीय. रिटर्न भरणारेही वाढलेत, मग वरचं उत्पन्न खरंच वाढलं की आधी लपलेलं आता दिसायला लागलं हे वेगळं काढणं सोपं नाही. संपत्तीच्या टोकाला फोर्ब्सची यादी वापरावी लागते. लेखकांनी स्वतःच भारतातल्या डेटाचा दर्जा खराब आहे असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे २२.६ मधला पॉइंट सहा विसरा, वीसच्या आगेमागे समजा. तरीही तो २५.५ वाल्या चित्रापेक्षा फार वेगळाच देश आहे. सर्व्हेतला एकूण खर्च आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबातला घरगुती खर्च यांत अर्ध्याच्या आसपास फरक पडतो. उरलेलं अर्धं कुणीतरी खर्च केलंय ना, ते गावातल्या बाईने तेलाची पिशवी सांगायला विसरल्यामुळे एवढं हुकलं असेल हे मला तरी पटत नाही.

हा वाद नवा नाही बरं का. १९६३ मध्ये लोकसभेत समाजवादी नेते राममनोहर लोहिया म्हणाले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, नेहरू म्हणाले पंधरा आणे, आणि नियोजनमंत्री नंदा साडेसात आण्यांवर आले. पंधरा आणे ही सगळ्या देशाची सरासरी होती, त्यात टाटा-बिर्ला पण आले. खालच्या ६० टक्क्यांचंच काढलं की नंदांचा आकडा आला. तिघंही एकाच देशाबद्दल बोलत होते. मग १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच खर्चाच्या सर्व्हेवरून दारिद्र्याचा हिशोब मांडला, माणशी रोज २,२५० कॅलरी धरून, तेव्हापासून आपण गरिबी मोजायला हा सर्व्हे वापरतोय. आणि त्यासाठी तो उत्तम आहे, अजूनही. गरिबी खालून बघायची असते, तिथे दारं उघडी असतात. विषमतेला वरचं टोक लागतं आणि नेमकं तेच या टॅबमध्ये येत नाही.

म्हणून मला विचाराल तर विषमतेसाठी एका गिनीवर अडून बसू नका. खालची परिस्थिती बघायची तर एचसीईएस, म्हणजे हाच घरगुती खर्चाचा सर्व्हे, घ्या आणि दशांश गट पाडा, म्हणजे लोक खर्चाप्रमाणे रांगेत लावून दहा समान वाटे, आणि प्रत्येक वाट्याचा खर्च बघा, गिनी मधल्या लोकांच्या हलण्याने जास्त हलतो आणि दोन्ही टोकांना काय झालं ते नीट सांगत नाही. मालमत्तेसाठी २०१९ चा कर्ज आणि गुंतवणूक सर्व्हे आहे, त्यात शहरी भागात वरच्या १० टक्के घरांकडे ५५.७ टक्के मालमत्ता आणि खालच्या निम्म्यांकडे ६.२ टक्के, आणि हे सुद्धा टॉवरची दारं बंद असताना! पगार-मजुरीसाठी पीएलएफएस. जिल्ह्यांची तुलना करायची असेल तर राज्याच्या आर्थिक पाहणीतलं दरडोई जिल्हा उत्पन्न मिळतं, पण ते जिथे उत्पादन झालं तिथे मोजलं जातं, कारखाना रायगडात आणि नफा नरिमन पॉइंटला असेल तरी आकडा रायगडला चढतो, तेव्हा त्यावरून अलिबागचा माणूस किती कमावतो हे काढू नका.

हा सगळा घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर फुकट मिळतो, रजिस्टर करायचं आणि उतरवायचं. उतरवल्यावर एक चूक करू नका जी मी केली होती. प्रत्येक घरापुढे एक मल्टिप्लायर असतो, म्हणजे ते घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतंय तो आकडा. श्रीमंत घरं मुद्दाम जास्त घेतलेली असतात म्हणून त्यांचा मल्टिप्लायर लहान, गरीब घरांचा मोठा. मी पहिल्यांदा जुन्या फेरीचा डेटा चालवला तेव्हा साधी सरासरी काढली आणि राज्याचा खर्च भलताच फुगलेला आला, दोन दिवस मी आनंदात होते की काहीतरी शोध लागला. मग आमच्या सरांनी फक्त एवढंच विचारलं, "वेट लावलंस का?" वेट म्हणजे हाच मल्टिप्लायर. जुन्या फेऱ्यांत तर तो आकडा १०० ने भागायचा, आणि दोन उपसॅम्पल असतील तर २०० ने, ते रीडमीच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. ती फाइल आधी वाचा. आणि घराचा खर्च माणसांनी भागलाय का, आणि वेटला घरातल्या माणसांनी गुणलंय का हेही बघा, नाहीतर सात जणांचं घर आणि एकटा राहणारा माणूस एकाच मापात जातात.